हरवलेला कागद

दिवाळीची सुट्टी आणि रहस्यकथा यांचे नाते माझ्या पिढीला निराळे समजावून सांगायला नको. एका हाताशी चकल्यांचे ताट आणि दुसऱ्या हातात बाबूराव अर्नाळकरांचे पुस्तक, अशी आमची दुपार जाई. झुंझार हरेक संकटातून वाट काढणार, याविषयी आम्हाला तिळमात्र शंका नसे. शंका एवढीच, की आईची हाक यायच्या आत पुस्तक संपते की नाही! पळवून नेलेला माणूस शेवटच्या पानावर सुखरूप घरी येतो, हा त्या जगाचा जणू कायदाच होता.

हा कायदा मोडणारी एक अपहरणकथा मी गेल्या वर्षी पाहिली. माझा भाचा जर्मनीत कोलोन शहरी नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असता एका पावसाळी संध्याकाळी तो म्हणाला, "मामा, तुम्हाला पोलीसकथांची आवड ना? मग आज आमच्या गावची एक पाहा." त्याने लावली ती हाइनरिश ब्रेलोअर यांची ‘टोडेसश्पील’, म्हणजे ‘मृत्यूचा खेळ’, ही दोन भागांची दूरचित्रवाणी-नाट्यकृती. ती १९९७ साली जर्मनीत प्रथम दाखवली गेली. तीत नट प्रसंग उभे करतात आणि मध्येच खरी माणसे समोर बसून आठवणी सांगतात. त्यांत त्या वेळचे चान्सेलर हेल्मुट श्मिट आहेत, तसाच अपहरण करणाऱ्यांपैकीही एक जण आहे. भाचा शेजारी बसून अर्थ सांगत होता आणि माझ्या हातातला चहा निवत होता.

हकीकत अशी. १९७० च्या सुमारास पश्चिम जर्मनीत ‘लाल सेना गट’ नावाची एक सशस्त्र टोळी उभी राहिली. तिचे पुढारी आंद्रेआस बाडर, गुड्रुन एन्सलिन आणि यान-कार्ल रास्पे यांना एप्रिल १९७७ मध्ये जन्मठेप झाली. ते श्टुटगार्टच्या श्टामहाइम तुरुंगात होते. त्यांना सोडवायचे, तर सरकारने नाही म्हणू नये एवढा मोठा मोहरा हाती हवा. तो मोहरा म्हणजे हान्स मार्टिन श्लायर. कारखानदारांच्या दोन्ही मोठ्या संघटनांचे हे अध्यक्ष. वय ६२. तरुणपणी ते हिटलरच्या एस. एस. दलात होते आणि युद्धकाळात जर्मनांनी व्यापलेल्या प्रागमध्ये अधिकारावर होते. हा इतिहास त्यांच्या शत्रूंनी पुढे केला आणि तो खोटा नव्हता. पण त्यांच्याबरोबर जे चार जण प्राणाला मुकले, त्यांच्याकडे पाहायला मात्र कोणालाही सवड झाली नाही.

५ सप्टेंबर १९७७. संध्याकाळचे साडेपाच वाजत आले होते. कोलोनच्या ब्राउन्सफेल्ड भागात श्लायर यांची मोटार एका शांत रस्त्यावर वळली. पुढे अचानक एक मोटार आडवी आली. कडेला बाळाची ढकलगाडी होती. ढकलगाडी दिसली की कुणाचाही पाय ब्रेकवर जाणारच! दुसऱ्याच क्षणी गोळ्यांचा वर्षाव झाला. मोटारचालक आणि संरक्षणाला असलेले तीन पोलीस जागीच ठार झाले. श्लायर यांना ओढून नेण्यात आले. थोड्याच वेळात मागणी आली: अकरा कैदी सोडा, नाहीतर ओलीस मरेल.

श्मिट यांच्यापुढे एक जुना धडा होता. १९७५ च्या फेब्रुवारीत पश्चिम बर्लिनमध्ये पेटर लोरेंझ या पुढाऱ्याला असेच पळवले होते. तेव्हा सरकारने पाच कैदी विमानाने एडनला पोचवले आणि लोरेंझ जिवंत परतले. परंतु सुटलेल्यांपैकी काही जण पुन्हा शस्त्रे घेऊन उभे राहिले. म्हणून या खेपेला श्मिट यांनी ठरवले, की कैदी सोडायचे नाहीत. बोलणी लांबवायची आणि तेवढ्या अवधीत श्लायर यांना शोधून काढायचे. म्हणजे सगळी भिस्त तपासावर आली.

या तपासाचे सूत्रधार होते केंद्रीय गुन्हे अन्वेषण कचेरीचे प्रमुख होर्स्ट हेरोल्ड. त्या काळी पोलीस खात्यात संगणकावर एवढा विश्वास टाकणारा दुसरा माणूस विरळा. त्यांनी तर्क बांधला, की ओलीस ठेवायला जागा हवी ती उंच इमारतीत, कारण तिथे शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाही. हमरस्ता जवळ, खाली मोटारी ठेवायचे तळघर, भाडेकरू नवा आणि अनामत रोख भरलेली. अशा जागा हुडका, असा हुकूम कोलोनच्या आसपासच्या सगळ्या पोलीस ठाण्यांना सुटला.

आणि वाचकहो, तर्क तंतोतंत खरा होता! कोलोनपासून सुमारे वीस किलोमीटरवर एर्फ्टश्टाट-लीब्लार नावाची वस्ती आहे. तिथल्या एका साध्या पोलिसाने चौकशी करता करता एका उंच इमारतीतल्या जागेवर बोट ठेवले. नवी भाडेकरू, रोख अनामत, सगळे जुळत होते. अपहरणाला दोन दिवसही पुरते झाले नव्हते. त्याने वर कळवले. तारयंत्रावरून तो मजकूर पुढे गेला आणि दोन कचेऱ्यांच्या मधल्या कुठल्याशा टेबलावर हरवला. ज्या बाईच्या नावाने जागा घेतली होती, ते नाव हेरोल्डांच्या संगणकाला ठाऊक होते. ते त्याच्यापुढे ठेवण्याचा काय तो अवकाश होता. पण ते कुणी ठेवलेच नाही. त्याच जागेत, भिंतीतल्या एका कपाटात, श्लायर सुमारे दहा दिवस होते. पुढे त्यांना तिथून हॉलंडला आणि मग ब्रसेल्सला हलवण्यात आले.

हा प्रसंग पाहताना मी नकळत खुर्चीच्या काठावर आलो होतो. रहस्यकथेत पोलीस मूर्ख असतो आणि नायक हुशार. इथे हुशारी होती, मेहनत होती, यंत्रही होते. उणीव एवढीच, की एका माणसाने आलेला कागद दुसऱ्याच्या हाती दिला नाही.

त्याच दिवसांत आपल्या मुंबईचेही नाव जगाच्या वर्तमानपत्रांत झळकले. २८ सप्टेंबर १९७७ रोजी मुंबईहून उडालेले जपानी विमान तिथल्या ‘लाल सेने’ने पळवून ढाक्याला नेले. जपानचे पंतप्रधान फुकुदा यांनी माणसाचा जीव साऱ्या पृथ्वीपेक्षा जड मानला. त्यांनी साठ लाख डॉलर दिले, सहा कैदी सोडले आणि ओलिसांना जिवंत परत आणले. एकाच महिन्यात, एकाच पेचाला, दोन देशांनी अशी दोन उत्तरे दिली.

१३ ऑक्टोबरला पेच आणखी घट्ट झाला. श्लायर यांना धरणाऱ्यांच्या पॅलेस्टिनी साथीदारांनी ‘लांड्सहूट’ नावाचे जर्मन प्रवासी विमान पळवले. ते देशोदेशी फिरत एडनला पोचले. तिथे वैमानिक युर्गेन शूमान यांना गोळी घालण्यात आली. इकडे श्लायर यांच्या मुलाने घटना न्यायालयात धाव घेतली: माझ्या वडिलांचा जीव वाचवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, तसा हुकूम द्या. १६ ऑक्टोबरला निकाल लागला. प्रत्येकाच्या जिवाचे रक्षण हे सरकारचे कर्तव्य खरेच, परंतु ते कसे पार पाडावे हे न्यायालय ठरवून देऊ शकत नाही. सरकार कोणत्या मार्गाने जाईल हे गुन्हेगारांना आधीच कळता कामा नये. कायदा निर्दोष होता. पण तो निकाल ऐकणाऱ्या त्या घराचे काय झाले असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

१८ ऑक्टोबरच्या मध्यरात्री मोगादिशूला जर्मन कमांडोंनी विमानावर झडप घातली आणि उरलेले सर्व प्रवासी जिवंत सुटले. त्याच सकाळी श्टामहाइमच्या कोठड्यांत बाडर व एन्सलिन मृत आढळले आणि रास्पेही वाचला नाही. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. दुसऱ्या दिवशी फ्रान्समधल्या म्युलूझ गावी एका हिरव्या मोटारीच्या डिकीत श्लायर यांचे प्रेत मिळाले. ४४ दिवसांचा खेळ संपला.

पुढे त्या हरवलेल्या कागदाची चौकशी झाली. हेर्मान ह्योखर्ल यांचा अहवाल १९७८ साली बाहेर आला आणि गृहमंत्री वेर्नर मायहोफर यांना पायउतार व्हावे लागले. आणि श्मिट? अंत्यविधीच्या वेळी ते श्लायर यांच्या पत्नीशेजारी बसले होते. २०१३ साली श्लायर यांच्याच नावाचा पुरस्कार त्यांना मिळाला. तेव्हा ते नव्वदी ओलांडलेले होते. आपण प्रामाणिकपणे झटलो, तरी त्या मृत्यूच्या दोषात आपलाही वाटा आहे, अशी कबुली त्यांनी तिथे श्लायर कुटुंबीयांसमोर दिली. निर्णय बदलला असता असे ते म्हणाले नाहीत. ओझे मात्र त्यांनी खाली ठेवले नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याबरोबर मी ब्राउन्सफेल्डच्या त्या रस्त्यावर गेलो. झाडांखाली, त्या संध्याकाळी मारल्या गेलेल्यांचे स्मारक आहे. एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन शेजारून गेली आणि मी उगीचच दचकलो. भाच्याने विचारले, "मामा, तुमच्या मते कोण बरोबर? श्मिट की फुकुदा?"

मला उत्तर देता आले नाही, आजही येत नाही. त्या प्रश्नावर शहाणी माणसे पन्नास वर्षे वाद घालीत आहेत. पण मला राहून राहून वाटते, की तो लीब्लारचा कागद योग्य टेबलावर पोचला असता, तर निदान श्लायर यांच्या मुलाला न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती आणि श्मिट यांना इतक्या वर्षांनी कबुली द्यावी लागली नसती. इतिहासाचे मोठे प्रश्न पुष्कळदा अशा छोट्या कामचुकारपणातून जन्मतात. कामाशी इमान राखणाऱ्या त्या साध्या पोलिसाची रहस्यकथा कुणी लिहीत नाही. झुंझारच्या शेजारी मी मात्र त्याला मनात जागा करून दिली आहे.