धुळ्यावरून गेलेली एम.जी.

२४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून ९८ गाड्या सिडनीच्या शर्यतीला निघाल्या. पौंडाचे अवमूल्यन होऊन वर्ष उलटले होते. ब्रिटिश कारखानदारीत अजून दम आहे हे जगाला दिसावे, असा आयोजक ‘डेली एक्सप्रेस’चा हेतू होता. इस्तंबूल, तेहरान, काबूल करीत गाड्या दिल्लीला आल्या. तिथून मुंबई बंदरापर्यंतचा टप्पा ग्वाल्हेर, इंदूर आणि धुळ्यावरून होता. म्हणजे बिजासन घाट, शिरपूर, तापी, धुळे, मालेगाव हा आपला मालट्रकांचा आग्रा रोडच. जळगावचा हौशी माणूस मात्र या वाटेपासून नव्वद किलोमीटर दूर राहिला.

मुंबईला ७२ गाड्या पोहोचल्या. त्यांत जीन डेंटन यांची एम.जी.बी. होती. ही अस्सल स्पोर्ट्‌स कार. दोघांपुरती, बुटकी, जमिनीलगत पळणारी. ती सिडनीपर्यंत गेली. डेंटनबाई पुढे ब्रिटनमध्ये मंत्री झाल्या.

अशा गाड्यांविषयी इंग्लंडात जी हुरहुर आढळते ती मालकांची असते. आपल्याकडची हुरहुर बघ्यांची. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी इथला गाशा गुंडाळला आणि आयातही आवळली गेली. संस्थानिक आणि मुंबईचे धनिक यांची गोष्ट वेगळी. खानदेशातल्या डॉक्टर-वकिलाने रांगेत नंबर लावायचा तो फियाट, अँबेसिडर किंवा स्टँडर्ड हेरल्डसाठी. म्हणून या ओढीला उसनी म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही.

कारण या स्पोर्ट्‌स गाड्या मुळात घरगुती गाड्यांच्या सांगाड्यांतून आणि इंजिनांतूनच घडल्या. मद्रासला १९६१ पासून बनू लागलेली हेरल्ड ही ट्रायम्फची. तिचीच चासी आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर निघाली. चाकांवरच्या पत्र्यासकट पुढे उलटणारे बोनेट दोघींनाही होते. ते उघडले की इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळे. मिस्त्रीला वाकून कंबर मोडावी लागत नसे. हेरल्ड अरुंद गल्लीतही चटकन वळे, हा गुण तर जुन्या धुळ्याच्या पेठांसाठीच दिल्यासारखा. आपल्या हेरल्डचे इंजिन ९४८ सी.सी.चे, स्पिटफायरचे ११४७ सी.सी.चे. एका घरातल्या दोन बहिणी, एक संसाराला लागलेली, एक उनाड.

अँबेसिडरचे नाते तर याहून जवळचे. तिचे १४८९ सी.सी.चे इंजिन बी.एम.सी.च्या ‘बी’ मालिकेतले. १९५५ च्या एम.जी.ए.ला तेच, फक्त अधिक तेज करून बसवलेले. एम.जी.बी.चे १७९८ सी.सी.चे इंजिनही त्याच घराण्यातले. कलेक्टरसाहेबांच्या पांढऱ्या गाडीत आणि त्या शर्यतीच्या गाडीत रक्त एकच होते. डेंटनबाईंची एम.जी. बिजासन घाटात बंद पडली असती, तर धुळ्याच्या अँबेसिडरवाल्या मिस्त्रीला तिचे इंजिन परके वाटले नसते.