कागद केव्हा ‘साधन’ होतो?

‘इतिहासाची साधने’ हा शब्दप्रयोग आम्हा मराठी वाचकांच्या इतका अंगवळणी पडला आहे, की जुना कागद म्हणजे साधनच असे आपण धरून चालतो. पेशवे दप्तराची हकीकत पाहिली तर मात्र वेगळेच दिसते. कागद तोच राहतो. तो कशाचे साधन आहे, हे त्या त्या काळची संस्था ठरवते.

पेशव्यांच्या कारकुनासाठी ते रुमाल म्हणजे चालू कारभार होता. १८१८मध्ये पेशवाई संपली आणि दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा तेच कागद पुरावा ठरले. एखाद्या घराण्याचे इनाम राहणार की जाणार, हे त्यांतील नोंदींवर अवलंबून असे. पुढे पुण्याच्या एलिएनेशन ऑफिसात हे दप्तर सरकारी मालमत्ता म्हणून राहिले. अभ्यासकाला तेथे मुक्तद्वार नव्हते. महसूल खात्याच्या दृष्टीने इतिहास ही त्या कागदांची गरजच नव्हती.

वि. का. राजवाडे सरकारी दाराशी थांबले नाहीत. गावोगाव हिंडून त्यांनी घराण्यांची खासगी दप्तरे मिळवली आणि १८९८मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला. १९१०मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. शोधणे, मोडी वाचणे, छापणे, त्यावर वाद घालणे अशी नवी व्यवस्था उभी राहिली, आणि तिच्यामुळे अडगळीतला कागद ‘साधन’ झाला.

पुढे १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. आम्ही त्यांचे ऋणी आहोतच. पण निवड म्हणजे वगळणेही आले. छापले गेले ते उद्धृत होत राहिले. रुमालात उरले ते बहुतेकांच्या लेखी नसल्यासारखेच झाले.

विसाव्या शतकात मोडी शाळांतून गेली, तशी ती वाचणारी माणसेही विरळ झाली. वाचकच नसेल तर दप्तर म्हणजे नुसता कागदांचा ढीग. मग २०२३मध्ये महाराष्ट्र शासनाने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि मोडी जाणणाऱ्यांची एकाएकी गरज भासू लागली. आता जुन्या नोंदीतील एका शब्दावर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून होता. इनाम कमिशनच्या काळाशी असलेले हे साम्य आम्हाला अस्वस्थ करते.

साहित्याच्या अभ्यासकांनी यात स्वतःलाही तपासावे. बखरीला आपण गद्याच्या इतिहासात जागा दिली. याच रुमालांतील तक्रारअर्ज, जबान्या, घरगुती पत्रे यांना मात्र आपण बहुधा इतिहासवाल्यांकडे पाठवतो. सामान्य माणसांचे मराठी बोलणे तेथे कारकुनाच्या लेखणीतून का होईना, उतरले आहे. ते आपल्या वर्गात येत नाही, याचा दोष कागदांचा नाही. अभ्यासक्रम ठरवणारी संस्था म्हणजे आपणच आहोत.