शलाका-स्थान मापनाचे स्थैर्य, सिंक्रोट्रॉन उद्गमांतील

जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा मार्ग चुंबकीय क्षेत्राने वाकविला म्हणजे ते प्रकाश व क्ष-किरण बाहेर टाकतात. यास सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. १९४७ साली अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या ७० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या यंत्रात, ते प्रथम दृष्टीस पडले. कणभौतिकीच्या दृष्टीने ही केवळ ऊर्जेची हानी होती. पुढे स्फटिक, प्रथिने व पृष्ठभाग यांच्या अभ्यासासाठी हे प्रारण उपयुक्त ठरले आणि केवळ त्याच्यासाठी इलेक्ट्रॉनांची संचय वलये चालविण्यात येऊ लागली [→ कणवेगवर्धक]. विस्कॉन्सिन येथील टँटलस (१९६८), इंग्लंडमधील डेअर्सबरी (१९८१) व जपानमधील त्सुकुबा (१९८२) येथील वलये ही यांतील आरंभीची महत्त्वाची उदाहरणे होत.

वलयातील शलाका हाच प्रकाशाचा उद्गम असल्याने ती हलली की प्रकाशही हलतो. शलाकेची दिशा एका रेडियनाच्या दशलक्षांशाने बदलली, तरी ३० मी. अंतरावरील नमुन्यावर प्रकाशाचा ठिपका ३० मायक्रॉन सरकतो (१ मायक्रॉन = १ मिमी.चा हजारावा भाग). शलाकेच्या आकारमानाच्या दहाव्या भागापेक्षा तिची हालचाल अधिक असू नये, असा संकेत रूढ झाला. ग्रनोबल (१९९४), आरगॉन (१९९६) व जपानमधील स्प्रिंग-८ (१९९७) या पिढीच्या वलयांत शलाकेची उंची सु. १० मायक्रॉनांपर्यंत उतरली. साहजिकच स्थान १ मायक्रॉनापर्यंत, आणि तेही दिवसेंदिवस, भरवशाने सांगता येणे आवश्यक झाले.

हे मापन निर्वात नळीच्या भिंतीत बसविलेल्या बटणाच्या आकाराच्या चार विद्युत् अग्रांनी केले जाते. इलेक्ट्रॉनांचा गुच्छ ज्या अग्राच्या जवळून जातो, त्यात प्रबळ संकेत निर्माण होतो. समोरासमोरील संकेतांच्या फरकास एकूण बेरजेने भागून येणारी संख्या एका स्थिरांकाने गुणली की स्थान मिळते. हा स्थिरांक १० मिमी. धरल्यास १ मायक्रॉन म्हणजे या गुणोत्तरातील अवघा दहाहजारावा भाग होय. चार संकेतांसाठी चार स्वतंत्र विवर्धक असल्यास त्यांपैकी एखादा किंचित तापून त्याचा लाभांक एवढ्याने बदलला, तरी शलाका जागच्या जागी असताना ती सरकल्याचे दिसते. शिवाय साठविलेला प्रवाह तासागणिक घटत गेला की संकेत क्षीण होतात व विवर्धकांचे दोष निराळ्या प्रमाणात प्रकट होतात.

यावर ब्रुकहॅवन येथे आर. बिस्कार्डी व जे. डब्ल्यू. बिटनर यांनी १९८९ मध्ये मांडलेला तोडगा साधा व म्हणूनच टिकाऊ ठरला. चारही संकेत जलद फिरणाऱ्या विद्युत् खटक्याने आळीपाळीने एकाच ग्राहीतून न्यावयाचे. ग्राहीचा लाभांक बदलला तर तो चौघांसाठी सारखाच बदलतो व गुणोत्तरातून निघून जातो. बर्गोझ या फ्रेंच कंपनीने अशी मंडले तयार केली व ती अनेक वलयांत बसविण्यात आली. मात्र चारही संकेत एकाच क्षणीचे नसल्यामुळे शलाकेची प्रत्येक फेरी त्यांनी पाहता येत नव्हती.

त्याच सुमारास ब्रुकहॅवन येथे ली हुआ यू व सहकाऱ्यांनी पुनःप्रदाय पद्धतीने संपूर्ण कक्षा सुधारण्याचे काम केले. मापकांनी सांगितलेली चूक लहान चुंबकांनी तत्काळ दुरुस्त करणे, ही ती पद्धत. तिने मापनाच्या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. पुनःप्रदाय मापकावर विश्वास ठेवतो. मापक चुकला तर मुळात स्थिर असलेली शलाका त्याच्या चुकीमागे ओढली जाते आणि नोंदीत मात्र सर्व ठीक दिसते. ही फसवणूक प्रयोगस्थानीच उघडकीस येई. म्हणून प्रत्यक्ष प्रकाशाचे स्थान मोजणारे मापकही लावण्यात आले. परंतु आरगॉन येथे शेजारच्या वाकविणाऱ्या चुंबकांचे भरकटलेले प्रारण त्यांत मिसळे. १९९९ च्या सुमारास जी. डेकर व सहकाऱ्यांनी चुंबकांचे आधारच मुद्दाम किंचित सरकवून ते प्रारण दूर वळविले.

स्वित्झर्लंडमधील व्हिलिगेन येथील वलयात (२००१) संकेतांचे अंकीय संस्करण सुरुवातीपासून होते. घटता प्रवाह थोड्याथोड्या वेळाने भरून काढण्याची रीतही तेथे आरंभापासून होती. तिने तापमान व संकेतपातळी दोन्ही स्थिर राहिल्या. एकट्या इलेक्ट्रॉनिकीने हे साधले नसते. स्लोव्हेनियात तयार झालेल्या लिबेरा या उपकरणात ग्राही चारच राहिले, पण प्रत्येक संकेत क्रमाक्रमाने चारही ग्राहींतून फिरविला जाऊ लागला. ब्रुकहॅवनची युक्ती अशा रीतीने वेग न गमावता परत आली. इंग्लंडमधील डायमंड वलयात (२००७) सेकंदाला सु. १०,००० वेळा कक्षा तपासली जाऊ लागली.

इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या इंडस-२ या २·५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या वलयात (२००५) ५६ ठिकाणी शलाका-स्थान दर्शक आहेत.

मापक ज्यावर उभा आहे तो आधारही निर्दोष नसतो. अगंज पोलादाचा १ मी. उंच आधार तापमान १° से. वाढताच सु. १७ मायक्रॉन वाढतो. त्यामुळे अल्प प्रसरणाची इन्व्हार मिश्रधातू वा कार्बन तंतू वापरतात आणि बोगद्याचे तापमान सु. ०·१° से.च्या आत राखतात. स्प्रिंग-८ येथे तर चंद्र-सूर्याच्या ओढीने जमीन ताणली जाऊन वलयाचा १,४३६ मी. परीघही कमीजास्त होताना आढळला. तो कंप्रता बदलून सांभाळावा लागतो.

लुंड येथील मॅक्स-४ (२०१६) व ग्रनोबल येथील पुनर्रचित वलय (२०२०) यांत शलाका आणखी बारीक झाल्याने उरलेला दोष केबलींकडे गेला. हवेतील आर्द्रतेनेही केबलीतील क्षीणन बदलते. ट्रिएस्ट येथील एलेत्रा प्रयोगशाळेने विकसित केलेल्या पद्धतीत अग्रांजवळून एक ज्ञात कंप्रतेचा संदर्भ संकेत शलाकेच्या संकेताबरोबरच केबलीतून पाठवितात आणि त्यातील फरकावरून केबल व ग्राही यांचा दोष वजा करतात. अग्रांचा ठोकळाच सरकला तर मात्र हे लक्षात येत नाही. त्यासाठी त्याच्या जागेवर वेगळा यांत्रिक मापक लावावा लागतो.