यकृतातील गळू : सुरीकडून सुईकडे

कातडीवरचे गळू दिसते, हाताला लागते. पिकले की फोडता येते. यकृतातल्या गळवाचे तसे नाही. मुलाला थंडी वाजून ताप येतो, पोटात उजवीकडे दुखते, भूक जाते. ही लक्षणे कितीतरी आजारांत दिसतात. त्यामुळे पूर्वी अनेकदा निदान व्हायचे ते शवविच्छेदनाच्या वेळीच.

न्यू ऑर्लिन्सच्या ऑक्सनर आणि डिबेकी (हेच पुढे हृदयशस्त्रक्रियेसाठी गाजले) यांनी १९३८ साली तोवरच्या नोंदी सहकाऱ्यासह तपासल्या. जिवाणू यकृतात बहुधा पिकलेल्या अपेंडिक्समधून पोचत होते, कारण आतड्यांतले रक्त एका मोठ्या नीलेतून थेट यकृतात जाते. पू काढला नाही तर रोगी जवळजवळ हमखास दगावे. काढायला जावे, तर तो उदरपोकळीत सांडून जंतू सगळीकडे पसरण्याची भीती. म्हणून उदरपोकळी न उघडता बाजूने गळवापर्यंत जावे, असा ऑक्सनर यांचा आग्रह होता.

पेनिसिलिन आले, पण औषध रक्ताबरोबर जाते आणि पुवाच्या पोकळीत रक्त खेळत नाही. १९५३ साली हाँगकाँगच्या मॅकफॅडझीन यांनी वेगळाच मार्ग मांडला : सुईने पू ओढून घ्यायचा, प्रतिजैविके द्यायची, पोट उघडायचेच नाही. ओळीने १४ रुग्ण, चौदाही बरे! तरी पुढची वीसेक वर्षे बहुतेक शस्त्रवैद्य सुरीच वापरत राहिले. मला हा निव्वळ हटवाद वाटत नाही. न दिसणाऱ्या जागी सुई खुपसायला कोण धजेल? १९७० च्या दशकात सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनने ती जागा पडद्यावर दाखवली, तेव्हा सुई रूढ झाली.

मुलांमध्ये आणखी एक प्रश्न उरतो. त्यांच्या पुवात अनेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा त्वचेवर आढळणारा जिवाणू सापडतो, आणि काहींना गळवे पुन्हापुन्हा होतात. असे का? मिनेसोटातील क्वी, होम्स, गुड आदींनी १९६६-६७ मध्ये अशा काही मुलांच्या पांढऱ्या पेशी तपासल्या. त्या जंतू गिळत होत्या, पण मारू शकत नव्हत्या! जंतुनाशक ऑक्सिजन-संयुगे बनवणारे विकर त्यांच्यात निकामी असते. निरोगी पेशी एका पिवळ्या रंगद्रव्याला निळे करतात. या पेशींत ते पिवळेच राहते. १९६७ पासून ही सोपी परीक्षा निदानासाठी वापरात आली. त्यामुळे आज गळू निचरले, मूल हसू-खेळू लागले, तरी कारण सापडले नसेल तर डॉक्टर त्याच्या पांढऱ्या पेशी तपासायला सांगतात. रंगद्रव्य मात्र आता दुसरे, चमकणारे असते.