कोष्टकातील दशांश आणि तुर्भ्याची भट्टी

शाळेच्या भिंतीवरील मूलद्रव्यांचे आवर्तकोष्टक आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच्या प्रत्येक घरात दोन आकडे असतात. पूर्णांक असतो तो अणुक्रमांक. ज्याला बहुधा दशांश जोडलेला असतो तो अणुभार. युरेनियमच्या घरात 92 आणि 238.03 असे आकडे सापडतात. यांपैकी दुसऱ्या आकड्याचा अर्थ कळण्यास शास्त्रज्ञांना शंभरावर वर्षे लागली, आणि त्या अर्थाची कसोटी आमच्या उपनगरांच्या शेजारी तुर्भ्यास, म्हणजे ट्रॉम्बेला, पाहिली गेली. तोच इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डाल्टनने हायड्रोजनचा अणू 1 मानून इतर अणू त्याच्या किती पट जड आहेत हे ठरविण्याचा प्रयत्न केला. अणुभार म्हणजे प्रत्यक्ष वजन नव्हे, ते प्रमाण होय. (1961 पासून हे प्रमाण 12 भाराच्या कार्बन-अणूवरून ठरते.) 1869 साली मेंडेलेव्हने मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली. गुणधर्म जुळेनात, तेव्हा युरेनियमचा 120 हा रूढ अणुभार त्याने 1871 साली दुप्पट करून 240 धरला. परंतु टेल्यूरियम आयोडीनहून जड असूनही त्याच्या आधी बसवावे लागले. हे कोडे 1913 साली मोजलेने सोडविले: घराचा क्रम भारावर नव्हे, तर अणुकेंद्रातील विद्युत्भारावर ठरतो. त्याच वर्षी सॉडीने दाखविले की एकाच घरात निरनिराळ्या भारांचे अणू नांदू शकतात. यांनाच आपण समस्थानिक म्हणतो.

तेव्हा 238.03 ही सरासरी होय. निसर्गातील युरेनियमच्या दर हजार अणूंत सुमारे 993 अणू 238.05 भाराचे व 7 अणू 235.04 भाराचे असतात. रसायनशाळेत हे दोघे जवळजवळ सारखेच वागतात. पण मंद न्यूट्रॉनने सहज फुटतो तो दुसरा, अल्पसंख्य अणू.

तुर्भ्याला हाच प्रश्न उभा राहिला. 4 ऑगस्ट 1956 रोजी सुरू झालेल्या 'अप्सरा' भट्टीत साधे पाणी होते. साधे पाणी बरेच न्यूट्रॉन गिळते. म्हणून 235 चे प्रमाण वाढविलेले इंधन ब्रिटनहून आणावे लागले. कॅनडाच्या साह्याने उभारलेली 'सायरस' भट्टी 1960 साली चालू झाली. तिच्यात नैसर्गिक युरेनियम चालले, कारण न्यूट्रॉन मंद करण्यास जड पाणी वापरले होते. या पाण्यातील हायड्रोजनचा भार 1 नव्हे, 2 असतो, आणि तो न्यूट्रॉन फारच थोडे गिळतो. म्हणजे एका घरातील समस्थानिकाची उणीव दुसऱ्या घरातील समस्थानिकाने भरून काढली!

'सायरस' 2010 च्या अखेरीस कायमची बंद झाली. कोष्टकातील आकडा मात्र तोच आहे. रसायनशास्त्राच्या हिशेबाला ती सरासरी पुरते. अणुभट्टी बांधणाऱ्याला मात्र त्या सरासरीच्या पोटात कोण कोण आहे, हे आधी विचारावे लागते.