साथ ओसरते, म्हणजे काय होते?

अमरावती-अकोल्याकडच्या शिक्षकांना २०२१चा फेब्रुवारी महिना आठवत असेल. आदल्या वर्षाअखेर कोविडच्या रुग्णसंख्येचा आलेख उतरला होता. साथ संपली, असे आपण सगळेच म्हणू लागलो होतो. मग राज्यात ज्या जिल्ह्यांत तो आधी पुन्हा चढला, त्यांत हे दोन होते. टाळेबंदी परत आली. आलेख उतरला म्हणजे साथ संपली का? हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. पुढे डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील प्लेगमृत्यूंचे साप्ताहिक आकडे एडिंबरोच्या केर्मॅक व मॅकेंड्रिक यांनी १९२७ सालच्या आपल्या निबंधात वापरले. मॅकेंड्रिक यांनी हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत काम केले होते. केर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी गेली होती.

त्यांनी लोकसंख्येचे तीन गट केले: लागण होऊ शकेल असे, लागण झालेले, आणि बरे होऊन किंवा मरण पावून साखळीतून बाहेर पडलेले. नवी लागण पहिल्या दोन गटांच्या गुणाकाराच्या प्रमाणात होते. पहिला गट आटत गेला की लागण मंदावते आणि सर्वांना रोग होण्याआधीच साथ थांबते. साथीच्या गणिताचा हा आजही पाया आहे.

यातून त्यांनी मुंबईसाठी जे सूत्र काढले, त्यानुसार सतराव्या आठवड्यात ८९० मृत्यू येतात. बाराव्या व बाविसाव्या आठवड्यात सुमारे ३७४. सातव्या व सत्ताविसाव्यात सुमारे ६३. हे बिंदू फळ्यावर मांडून जोडा. घंटेसारखा आकार मिळेल. प्रत्यक्ष नोंदी या रेषेच्या फार जवळ होत्या.

आता थोडा हिशेब करू. या सूत्राने एकूण मृत्यू सुमारे ८,९०० येतात. शहराची वस्ती तेव्हा दहा लाखांच्या आसपास होती. प्लेग झालेल्यांपैकी बहुतेक दगावत. म्हणजे साथ उतरली तेव्हा जवळजवळ सगळे शहर लागणीपासून दूरच होते! मग पहिला गट आटला कसा?

प्लेग मुळात उंदरांचा रोग. पिसवांमार्फत तो माणसाकडे येतो. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे आणि आपली गृहीतके काटेकोर नाहीत, हे लेखकांनी स्वतःच लिहिले होते. पाठ्यपुस्तकांत आलेख पुष्कळदा छापला गेला. ही कबुली मात्र मागे पडली. २०१२ साली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञांनी दाखवले की येथे ऋतुमान विचारात घ्यायलाच हवे. उन्हाळ्याच्या तापात पिसवा कमी होतात, प्लेग उतरतो. म्हणूनच तो मुंबईत पुढेही वर्षानुवर्षे परतत राहिला.

आलेख जुळला, तरी उताराचे कारण सापडले असे होत नाही. लागण होण्याजोगे लोक संपले, ऋतू बदलला, की माणसे घरात बसली? तिन्हींचा उतार कागदावर सारखाच दिसतो. पुढच्या वर्षी काय होईल, याचे उत्तर मात्र तिन्हींत वेगळे येते. विद्यार्थ्यांना आपल्या जिल्ह्याचा आलेख देऊन हे वेगळेपण त्यांच्याकडूनच काढून घ्यावे, असे आम्हांला वाटते.