एका दिवसाचं वादळ

आधी गरम कपडे चढवा. जिथे जायचंय तिथे भर दुपारीही संधिप्रकाशच असतो, आणि एका स्वेटरला तिथला वारा भीक घालत नाही.

जानेवारी १९३५. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, फिनमार्कच्या किनाऱ्यापासून काही मैल आत, कॉड धरणाऱ्या लहानशा मोटरबोटीवर तुम्ही उभे आहात. आकाश निरभ्र. चहाच्या आधणातून निघावी तशी समुद्रातून वाफ निघतेय, कारण पाणी चार-पाच अंशांवर आहे आणि ध्रुवाकडच्या बर्फावरून आलेली हवा शून्याच्या कितीतरी खाली. तांडेल हवादाबमापकाकडे नजर टाकतो. काटा जवळपास जागच्या जागी. मग उत्तरेला एक पांढरी भिंत दिसते, आणि तुम्ही हातमोजे नीट करेपर्यंत ती अंगावर येते. हिमवर्षाव इतका दाट, की बोटीचं पुढचं टोक दिसेनासं होतं. उडालेला तुषार डोलकाठीवर, दोरांवर, कठड्यावर बसल्या जागी गोठतो. तुमच्या हातात लाकडी हातोडा दिलाय. बर्फ फोडत राहा. वरचं वजन वाढलं की बोट कलंडते, त्यामुळे दमलो म्हणायची सोय नाही.

तुम्ही वाचलात. दुसऱ्या दिवशी बंदरात हवामानाचा नकाशा बघता, तर काल जिथे तुम्ही होतात तिथे वादळ नाहीच! कोणी खोटं बोललेलं नाही. नकाशा ज्या नोंदींवरून काढतात ती केंद्रं एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर, आणि मधल्या समुद्रात नोंद घ्यायला जवळजवळ कोणीच नाही. याच नॉर्वेत, बर्गनमध्ये, व्हिल्हेल्म ब्यर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९च्या सुमारास मोठ्या वादळांचं शास्त्र उभं केलं होतं. पण जाळं मोठ्या माशांसाठी विणलेलं. काही शे किलोमीटर व्यासाचं, दिवसा-दीड दिवसात संपणारं हे पिल्लू त्याच्या डोळ्यांतून निसटत राहिलं.

पुढची काही दशकं झपाट्यानं ओलांडू. उपग्रह आले आणि चित्रात स्वल्पविरामासारखे ढग दिसू लागले; कधी भोवरा, त्याच्या मधोमध चक्क डोळा. त्याला 'पोलर लो' म्हणतात. दिसलं, पण ते जगतं कशावर? १९६९ मध्ये ब्रिटनचे हॅरॉल्ड आणि ब्राउनिंग म्हणाले, गार आणि उबदार हवेच्या सीमेवर होतात तशाच वादळांची ही लहान आवृत्ती. १९७९ मध्ये डेन्मार्कचे एरिक रासमुसेन यांनी बोट ठेवलं ते उंच वाढणाऱ्या ढगांतून सुटणाऱ्या उष्णतेवर, म्हणजे उष्ण कटिबंधातल्या चक्रीवादळाच्या यंत्रणेवर. वाद मिटवायला आत जायलाच हवं होतं.

चला आत. २७ फेब्रुवारी १९८४, नॉर्वेजियन समुद्र. तुम्ही चार पंख्यांच्या पी-३ विमानात आहात. हे अमेरिकेचं विमान एरवी हरिकेनमध्ये घुसतं. आज मेल्विन शपिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते या थंड पिल्लाच्या पोटात हवंय. संशोधनाचं विमान पोलर लोमध्ये शिरायची ही पहिलीच वेळ. पट्टा आवळा. विमान ३०० मीटरपर्यंत खाली येतं आणि वाऱ्याचा आकडा सेकंदाला ३५ मीटरवर जातो, म्हणजे ताशी १२६ किलोमीटर. आणखी एक आकडा: समुद्र दर चौरस मीटरमागे १००० वॅटच्या आसपास उष्णता हवेत सोडतोय. मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकोनात एकेक इस्त्री चालू ठेवून सगळा समुद्र भरून टाकलाय असं समजा. आणि वादळाचा गाभा भोवतालपेक्षा उबदार!

कोकणच्या माणसाला हे पटायला जरा जड जातं. आपल्याकडे वादळाला २६-२७ अंशांचं पाणी लागतं. ३ जून २०२० ला अलिबागजवळ आलेलं 'निसर्ग' उबदार पाण्यावर पोसलेलं. इथे पाणी पाच अंशांचं. पण वरची हवा त्याहून इतकी गार, की वादळाला तेच ऊन ऊन जेवण. नॉर्वेचे अंदाजकर्ते म्हणूनच समुद्राचा पृष्ठभाग आणि सुमारे पाच किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानातला फरक बघतात. तो ४३ अंशांच्या वर गेला की सावध.

आता ३ मार्च २००८, नॉर्वेतलं, ६९ अंश उत्तरेवरचं आन्डोया बेट. जर्मनीचं फाल्कन विमान तयार आहे. आतापर्यंतची अडचण अशी, की विमान पोचेपर्यंत वादळाचं अर्धं आयुष्य सरलेलं असायचं. आज ते जन्मत असतानाच तुम्ही निघताय. तुमच्या हातात हातभर लांबीची पुठ्ठ्याची नळी आहे. कापडाच्या ठाणाच्या आत असते ना, साधारण तशी. आत दाब, तापमान, आर्द्रता मोजायची यंत्रं, मागे इवलीशी हवाई छत्री. ती विमानाच्या खालच्या भोकातून सोडा. खाली जाताना ती सतत आकडे पाठवते आणि समुद्रात पडली की गप्प होते. परत मिळत नाही. त्या दिवशी दोन फेऱ्या, दुसऱ्या दिवशी तिसरी. जन्म, भर, उतार, सगळं एकाच वादळाचं, विमानातून मोजलेलं. हे याआधी कोणाला साधलं नव्हतं. वादही बराचसा निवळला: सुरुवात वरच्या थंड हवेच्या धक्क्यानं आणि तापमानाच्या उतारावर, पुढे समुद्राच्या उबेवर आणि ढगांवर वाढ. दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर. मला विचाराल तर शास्त्रातले बरेचसे वाद असेच सुटतात, पण तेवढ्यासाठी कोणाला तरी तीनदा वादळात जावं लागतं.

४ मार्चला ते मध्य नॉर्वेच्या किनाऱ्याला लागलं. जमिनीवर समुद्राची ऊब नाही, की झालं. असली वादळं काही तासांत विरतात. मागे उरतो फक्त बर्फ.

परत येताना १९३५ वरून या. त्या तांडेलाला सांगा, वादळ खरं होतं, नकाशा अपुरा होता.